तीन नग, पोच बाकी

माझ्या आजवरच्या आयुष्यात मी आदर्श घरमालक एकच पाहिला, आणि त्याच्या आदर्शपणाचा सगळा लाभ खेकड्यांना झाला. भाडेकरू वाढायला लागला की त्याच्यासाठी आधीच मोठं घर शोधून ठेवायचं, त्याच्या खोलीतली हवा कोरडी पडली तर आपलं अंथरूण अंगणात नेऊन कूलर त्याच्याकडे वळवायचा, त्याला एकटं वाटू नये म्हणून शेजार जपायचा, आणि तो महिना-दीड महिना दार लावून बसला तरी दार ठोठावायचं नाही. आमचे घरमालक हे सगळं करत. फक्त ज्यांच्यासाठी करत ते काचेच्या पेटीत राहत होते, आणि आम्ही भाडं देणारी माणसं पेटीबाहेर, पत्र्याखाली.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. नागपूरबाहेर अमरावती रोडला, वाडी नावाच्या वस्तीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे त्यांचं घर होतं. पुढे तीन पक्क्या खोल्या, तिथे ते आणि काकू. मागे अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत मी आणि दुसरीत सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक नर्सबाई, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. त्यांना सगळे सिस्टर म्हणत आणि घरमालकांना काकाजी. मी सीताबर्डीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. माझे वडील जन्मभर कंपोझिटर होते आणि त्यांच्या छापखान्यात पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त निघत. घरात रद्दी होती तीही पत्रकांचीच. माझी अक्षरओळख 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून झाली आणि पहिलं पाठांतर 'आमच्या मागण्या खालीलप्रमाणे' हे. तेव्हा मालक नावाची जमात कशी असते हे मला खोली भाड्याने घेण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

खोली पाहायला गेलो त्या दिवशी काकाजींनी दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. उंच, वाळका देह, कानावर लाल-निळी पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा ज्या गोदामाचा होता ते गोदाम त्यांनी सोडून वर्षं झाली होती आणि तिथली कुलपंही बदलली होती, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "हळू बोल गा. तिसरा नग आत्ताच खाली गेला." मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. मी चपला हातात घेऊन आत गेलो. मधल्या खोलीत, जिथे एखाद्या घरात देव्हारा किंवा रेडिओ असतो तिथे, हलवायाच्या दुकानातली एक जुनी काचेची पेटी होती. बुंदीच्या लाडवांऐवजी तिच्यात वीतभर खोल ओली रेती होती, आणि रेतीवरून एक शंख चालत चालला होता. शंखाच्या तोंडातून जांभळट रंगाचे पाय आणि काडीवर बसवल्यासारखे दोन डोळे बाहेर आले होते. समुद्राकाठी अशा जातीचा खेकडा असतो. त्याचा मागचा भाग जन्मभर मऊच राहतो, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधून तिकडे जातो. हे सगळं मला काकाजींनी सांगितलं. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, संडास कुठे, यातलं काहीही सांगितलं नाही. ते काकूंनी नंतर सांगितलं.

नागपुरात समुद्री खेकडे आले कसे, याचं उत्तर काकाजींच्या नोकरीत होतं. ते तीस-पस्तीस वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाचे बाबू होते. ट्रकमधून येणाऱ्या मालाला सोबत एक कागद असतो, बिल्टी. तिच्यावर माल कुणी पाठवला, कुणाला पाठवला, किती नग आहेत हे लिहिलेलं असतं. माल मालकाच्या ताब्यात दिला की त्याची सही घ्यायची, ती पोच. बिल्टीपासून पोचेपर्यंत मालाची जबाबदारी गोदामाची, हा काकाजींच्या आयुष्याचा पहिला आणि शेवटचा नियम. निवृत्तीच्या वर्षी आंध्रच्या किनाऱ्यावरून नारळांचा ट्रक आला आणि पोती उतरवताना सोडणांच्या कचऱ्यातून तीन शंख चालत बाहेर पडले. ड्रायव्हर म्हणाला, "समुंदर का कीड़ा है बाबूजी, फेंक दो." काकाजींनी बिल्टी पाहिली. तिच्यात खेकडे नव्हते. पण आपल्या गोदामात उतरलं ते आपल्या ताब्यात, मालक येईपर्यंत सांभाळायचं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून बिल्टीच्या कोपऱ्यात लिहिलं: 'जास्तीचे नग तीन, जिवंत.' निवृत्त होताना त्यांनी नव्या बाबूला गोदामातली सुतळीसुद्धा मोजून दिली. हे तीन नग मात्र नवा बाबू सही करून घेईना, म्हणून ते डब्यात घालून घरी आणले.

बोलण्यातही त्यांना माणसं आणि माल यांत फारसा फरक करता येत नसे. पुतण्याच्या लग्नात वधूपक्षाचं स्वागत करायला उभे होते, तर व्याह्यांना हात जोडून म्हणाले, "या, या. किती नग हायेत?" आणि सगळे बसमधून उतरेपर्यंत मोजत राहिले. एक आजी बसमध्येच झोपून राहिल्या होत्या त्या या मोजणीमुळेच सापडल्या, तेव्हा व्याह्यांनी राग सोडला.

खेकडे सांभाळायचे कसे हे वाडीत कुणाला माहीत असणार? काकाजींनी बिल्टीवरच्या पत्त्यावर, नारळ पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, पोस्टकार्ड टाकलं की आपल्याकडून आलेल्या जास्तीच्या मालाच्या साठवणुकीच्या सूचना कळवाव्यात. व्यापाऱ्याच्या मुनीमाला हिंदी येत होतं आणि त्याला वेळही भरपूर असावा. त्याने कळवलं. मग कार्डांची ये-जा सुरू झाली आणि त्यातून एक पूर्ण शास्त्र तयार झालं, ते काकाजी वेदासारखं म्हणत. रेती कन्हान नदीची, बारीक, खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, आणि मुठीत धरली तर गोळा व्हावा इतकी ओली. पाणी दोन भांड्यांत: एकात गोडं, एकात खारं; नळाचं पाणी आधी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे औषधाचा वास उडतो. मीठ जाडं, समुद्राचं. दोन्ही भांड्यांत चढायला खापराचा तुकडा, नाहीतर नग बुडतो. पेटीला झाकण हवंच, कारण हा प्राणी श्वास घेतो तो ओल्या हवेतून. कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो. एकटा ठेवायचा नाही. आणि रिकामे शंख जवळ हवेत, एकापेक्षा एक मोठे, म्हणजे त्याला निवड करता येते.

या शंखांसाठी काकाजी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन इतवारीत पूजेच्या सामानाच्या दुकानांत जात. एकदा मी सोबत होतो. ते एकेक शंख उचलून त्याच्या तोंडाचं माप घेत होते, तोंड गोल आहे की चपटं ते पाहत होते, आत बोट घालून गुळगुळीतपणा तपासत होते. दुकानदाराने बराच वेळ पाहून विचारलं की लोक शंख वाजतो का ते बघतात, तुम्ही हे काय करता? काकाजी म्हणाले, "वाजवाले नाई पायजे भाऊ. राहाले पायजे." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काकूंच्या भावाने एकदा कौतुकाने ऑइलपेंटने रंगवलेला शंख आणला होता, वर कमळ काढलेलं. काकाजींनी तो हातात घेऊन वास घेतला आणि परत दिला. रंगाचे पापुद्रे नगाच्या पोटात जातात. मेव्हणे तेव्हापासून आले की अंगणातच बसत.

खाण्याचंही तसंच. काकाजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंड्याला हात लावला नव्हता, पण खेकड्यांना सुकट लागते असं मुनीमाने कळवल्यावर ते स्वतः बाजारात जाऊन, नाकाला उपरणं लावून, वासावरून ताजी सुकट निवडायला शिकले. सोबत खोबरं, पेरू, वाळकी पानं. संत्र्याला मात्र तिन्ही नग तोंड लावत नसत. याचं काकाजींना मनातून वाईट वाटे. "नागपुरात येऊन संत्रं खात नाई म्हणजे यायचं मन लागलंच नाई इथं," ते म्हणत, आणि तो त्यांच्या मते माल लवकर परत पाठवण्याच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा होता.

कारण पाठवायचा तर होताच. 'पोच बाकी' असं पेटीच्या काचेवर लाल पेन्सिलीने लिहून चिकटवलेली चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी वाचली होती. खेकड्यांचा मालक समुद्र, तेव्हा ते समुद्राच्या ताब्यात जिवंत द्यायचे, तिन्ही, आणि स्वतः नेऊन. चार वर्षं ते जमलं नव्हतं, कारण खेकडा वर्षा-दीड वर्षातून एकदा रेतीत खोल शिरतो आणि आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही. या मुदतीत त्याला हलवला तर मरतो. दर वेळी काकाजी निघायची तयारी करत आणि एखादा नग खाली जाई. दोन नेऊन एक मागे ठेवायचा नाही, कारण अर्धी डिलिव्हरी ही त्यांच्या लेखी डिलिव्हरीच नव्हती. आणखी एक गोष्ट काकूंनी मला हळूच सांगितली. जन्मभर मद्रास, विशाखापट्टण, मुंबईचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या या माणसाने समुद्र पाहिलाच नव्हता. पूर्वेला ते भंडाऱ्यापलीकडे गेले नव्हते.

हे सगळं कौतुकाचं होतं, पण मे महिना कौतुकाने सरत नाही. नागपूरचा मे आणि त्यात डोक्यावर पत्रा. दुपारी आमच्या खोलीतला पितळी तांब्या हातात धरवत नसे. घरात कूलर एकच, वाळ्याच्या ताट्यांचा, आणि त्याचं तोंड पेटीकडे. काकाजी आणि काकू स्वतः अंगणात झोपत, हे खरं. पण अंगण त्यांचं होतं. सिस्टर एकदा नळावर मला म्हणाल्या की त्या पेटीत एखादा शंख रिकामा झाला तर माझ्या आईचं नाव लावून ठेवा. मी आदल्याच दुपारी त्यांच्या आईला ओल्या चादरीत गुंडाळलेली पाहिली होती. मला राहवलं नाही. मी छापखान्यात उरलेल्या गुलाबी कागदावर पत्रक छापलं: 'खेकड्यांना पाच-पाच घरे, माणसांना एक पत्रा!' त्यात मालकवर्गाच्या श्रीमंती शौकांचा, कैदेतल्या मुक्या प्राण्यांचा आणि वाडीतल्या भाडेकरूंच्या हालांचा समाचार घेतला होता. एक प्रत आमच्या फाटकावर लावली, बाकीच्या गोदामांच्या भिंतींवर. आणि सामान बांधून ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी खोली जाणार याबद्दल मला शंका नव्हती. थोडी इच्छाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या दाराशी आले. हातात पत्रक, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. मी मुद्रितं तपासणारा माणूस. खुणा पाहून माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. ते उंबऱ्यावर बसले आणि एकेक खूण दाखवायला लागले. "पाच-पाच लिवलं तुनं. पाच नाई, अकरा शंख हायेत तिघांत. मोजून छापत जा. इथं लिवलं खेकडे पाण्यात ठेवले. पाण्यात नाई ठेवत, बुडतात. खाऱ्या पाण्याचं नावच नाई कुठं." मग ते एका शब्दावर थांबले. त्या शब्दाला खूण नव्हती, नुसतं बोट ठेवलं होतं. "अन् हे 'शौक' काहून लिवलं? शौक नाई गा हा. दुसऱ्याचा माल हाये."

मी म्हणालो, "काकाजी, दुसऱ्याच्या मालासाठी कूलर आणि माणसासाठी तापलेला पत्रा, हे बरोबर आहे का, एवढंच सांगा."

ते वर पत्र्याकडे पाहायला लागले. "लय तापते?"

सिस्टर नळावर पाणी भरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नाई बापा, गारेगार पडते. मायले मी दुपारी ओल्या चादरीत गुंडाळते ते शौक म्हणून."

काकाजींनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "खेकडा बोलत नाई, म्हणून मी रोज पाह्यतो त्याले काय पायजे. तुमाले तोंड हाये. तुमी काई म्हटलं नाई, तं मले वाटलं बरोबर हाये."

आजही मला वाटतं की त्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. माणसं सांगत नाहीत याचीही कारणं असतात आणि ती मालकाने पाहायची असतात. पण मीही कधी सांगितलं नव्हतं, सरळ छापलं होतं, हे मला नाकारता येईना. त्या दुपारी काकाजी पेटीतला थर्मामीटर घेऊन माझ्या खोलीत आले, मला बाहेर काढून दार लावून तासभर आत बसले. बाहेर आले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. एवढंच म्हणाले, "नग खराब होईन इथं." संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्यांच्या पत्र्यावर गोदामातली जुनी पोती पसरली गेली, आणि मे संपेपर्यंत ते सकाळ-दुपार शिडीवर चढून स्वतः त्यांवर पाणी मारत राहिले. खिडकीला वाळ्याची ताटी लागली. मी माझ्या बाजूने काय करणार? मी शुद्धिपत्र छापलं. 'पाच-पाचऐवजी एकूण अकरा वाचावे. पाण्यातऐवजी ओल्या रेतीत वाचावे. शौक हा शब्द गाळावा.' वाडीतल्या भिंतींवर ते का लावलं आहे हे कुणालाच कळलं नाही.

ही शिडीच त्यांना भोवली असं मला अजून वाटतं, जरी सिस्टरांनी मला अनेकदा समजावलं की तसं नसतं, दुखणं जुनंच होतं. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी ते शिडीखाली बसलेले सापडले, छातीला हात लावून. सिस्टरांनी ओठांचा रंग पाहिला आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. तिसरा नग आठच दिवसांपूर्वी रेतीत गेला होता. काकाजींना रिक्षात बसवताना त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज जेमतेम निघत होता. "उकराचं नाई. काई झालं तरी उकराचं नाई."

आता पेटी माझ्याकडे आली. काकू दवाखान्यात डबा नेत, सिस्टर तिथेच असत, घरी मी. पाणी एक दिवस बादलीत, खारं-गोडं, सुकट, खोबरं. वीज जाई तेव्हा कूलर बंद पडे आणि मी पेटीवर ओलं फडकं टाकून तासातासाला भिजवत बसे. छापखान्यात जाताना हे काम सिस्टरांच्या आईकडे जाई, आणि ती म्हातारी ओल्या चादरीतून हात काढून फडकं भिजवे. आठ-दहा दिवस ठीक गेले. मग एका सकाळी पाहिलं तर दुसरा नग रेतीवर बसून काहीतरी कुरतडत होता. जवळून पाहिलं तर तो पाय होता. सांध्यांसकट पूर्ण पाय, जांभळट, आणि शेजारी एक नांगी. तिसऱ्या नगाची. मी ती ओळखत होतो, सर्वांत मोठी होती.

काकू खाली बसल्या. "भावानंच भावाले खाल्लं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याईले सांगू नको गा. घरी येऊ दे आधी." मी सत्य लपवणं म्हणजे अन्यायात भागीदारी, असं निदान चार पत्रकांत लिहिलेला माणूस. पण सांगण्याआधी खात्री हवी म्हणून मी चमचा घेतला आणि रेतीत खुपसला. दोन बोटं आत गेला असेल, तेवढ्यात पाळीवरून आलेल्या सिस्टरांनी मागून माझ्या हातातून चमचा काढून घेतला. त्यांच्याकडे पाहून मला कळलं की रिक्षाजवळ आम्ही दोघंही उभे होतो आणि ते वाक्य दोघांनीही ऐकलं होतं.

तरी मी दवाखान्यात गेलोच. काकाजी उशाला टेकून बसले होते, हाताला नळी लावलेली. मी सांगितलं की तिसरा नग गेला. पाय आणि नांगी मिळाली, दुसऱ्याने खाल्ला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं मी माणूस मारला. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "वास येते?"

"कसला?"

"मेलेल्या खेकड्याचा वास घरात थांबू देत नाई. येते का?"

मी म्हणालो, नाही येत.

"पाय आतून पोकळ होता?"

मी नीट आठवलं. पोकळ होता. काचेसारखा, हलका.

"मंग गेला नाई," ते म्हणाले. "कपडे बदलून राहिला. अंगावरचं कवच काढते तो, खाली जाते ते त्याच्याचसाठी. हे दुसऱ्यानं उकरून वर आणलं असन. आत्ता तो लोण्यासारखा मऊ असते, बोट लागलं तरी जाईन." मग त्यांनी डोळे उघडले. "तू तं नाई ना उकरलं?"

मी सांगितलं. चमचा, दोन बोटं. त्यांनी रागावण्याऐवजी पुढची सूचना दिली: तुपाच्या डब्याचा तळ काप आणि त्या जागेभोवती रेतीत हलक्या हाताने बसव, म्हणजे दुसऱ्याला पोचता येणार नाही. आणि रोज सकाळी वास घे.

पुढचे वीस-बावीस दिवस मी रोज सकाळी पेटीचं झाकण उघडून नाक आत घालून उभा राहत असे. देशात काय काय चाललं होतं. माझ्याजवळ प्रत्येकावर मत होतं. पण त्या दिवसांत मला फक्त हे जाणून घ्यायचं होतं की हलवायाच्या पेटीला वास येतो की नाही. सिस्टर जाताना दारातून विचारत, "काय सांगू?" मी म्हणे, "वास नाही." तेवढा निरोप रोज वॉर्डात जाई. काकू सांगत की तो निरोप आल्याशिवाय ते चहा घेत नसत. शेवटी एका सकाळी डब्याच्या आतली रेती हलली आणि फुगली, आणि तिच्यातून आधी दोन डोळे, मग फिकट, नव्या रंगाची नांगी वर आली. संध्याकाळपर्यंत तो इतवारीतल्या सर्वांत मोठ्या शंखाभोवती फिरून, तोंड मोजून, एका झटक्यात आत शिरला. मी सायकल घेऊन दवाखान्यात गेलो. काकाजींनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या शंखात?" मी सांगितलं. त्यांनी चादर डोळ्यांवर ओढून घेतली आणि मला जायची खूण केली.

घरी आले तेव्हा शिडीही बंद आणि प्रवासही. डॉक्टरांनी रेल्वेचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. आणि त्या वर्षी चार वर्षांत पहिल्यांदाच निघायच्या वेळेला तिन्ही नग वर होते. दसऱ्यानंतर, थंडी पडायच्या आत, काकाजींनी मला बोलावलं. चहाच्या लाकडी पेटीत ओली रेती भरलेली होती, बाजूला भोकं पाडलेली. वर त्यांच्या अक्षरात बिल्टी: पाठवणार: वाडी, नागपूर; घेणार: समुद्र; नग तीन, जिवंत. ते म्हणाले, "तू जा. अन् पोच आणजो." मी विचारलं, समुद्राची सही कशी आणू? "ते तू पाह्य," ते म्हणाले. "शिकलेला हायेस."

गाड्या बदलत दीड दिवस लागला. किनाऱ्यावर त्या व्यापाऱ्याचा मुनीम मला घ्यायला आला होता, पोस्टकार्डांचा गठ्ठा हातात घेऊन. त्याला चार वर्षं वाटत होतं की नागपूरहून कार्डं लिहिणारा हा कुणी मोठा सरकारी अधिकारी आहे. आम्ही माडांखाली पेटी आडवी केली. पहिला आणि दुसरा नग सरळ चालायला लागले. तिसरा थोडा वेळ थांबून राहिला, शंखाच्या तोंडातून डोळे काढून, आणि मग त्यांच्या मागे गेला. तिथे असे शेकडो होते. पन्नास पावलांवर आमचे कोणते हे मला सांगता येईना. मुनीमाने बिल्टीवर तेलुगूत सही केली. मी एक बाटली भरून घेतली.

काकाजींनी सही पाहिली आणि बाजूला ठेवली. "हा तं नारळवाला हाये," ते म्हणाले. मग मी बाटली पुढे केली. त्यांनी बूच काढलं, तळहातावर थोडं पाणी घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि जिभेला लावलं. मग उठले, भिंतीला धरत मधल्या खोलीत गेले, पेटीतल्या खाऱ्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि तेही चाखलं. पुन्हा बाटलीतलं. पुन्हा भांड्यातलं.

"आपलं अळणी होतं गा," ते म्हणाले. "चार वर्षं अळणी पाजलं त्याईले."

मी म्हणालो की तिघंही धडधाकट चालत गेले, त्यांना काही झालं नाही. ते ऐकत नव्हते. काकूंना मीठ आणायला सांगून ते भांड्यात चिमूट चिमूट टाकत होते, चाखत होते, बाटलीशी ताळा करत होते, दोन्ही चवी एक होईपर्यंत. मग त्यांनी काचेवरची 'पोच बाकी' ही चिठ्ठी काढली आणि खिशात ठेवली. पेटी मात्र काढली नाही. रेती ओली राहिली, उरलेले आठ शंख जागेवर राहिले, दोन्ही भांडी रोज भरली जात. मी विचारलं तर म्हणाले की बिल्टीत नसलेला माल सांगून येत नाही.

त्यानंतर त्यांनी दोन उन्हाळे पाहिले. पत्र्यावरच्या पोत्यांवर पाणी मारायचं काम मी आणि सिस्टरांनी वाटून घेतलं होतं, आणि काकाजी खाली खुर्चीवर बसून कोणता कोपरा कोरडा राहिला ते सांगत. ते गेल्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सगळे गेले, तेव्हा मी काकूंना भेटायला मधल्या खोलीत गेलो. काकू आत चहा टाकत होत्या. पेटीचं झाकण बाजूला केलं तर रेती ओली होती आणि दोन्ही भांडी काठोकाठ भरलेली. मी खाऱ्या भांड्यात बोट बुडवून चाखलं. मीठ बरोबर होतं.